विमानाला कांजी

माझ्या सासऱ्यांनी मला आयुष्यात एकच काम सांगितलं आणि ते मी पूर्ण केलं. त्यानंतर त्यांनी मला दुसरं काम सांगितलेलं नाही.

सासरे म्हणजे कल्याणचे मामा. (मी त्यांना मामा म्हणतो. ते मला 'मास्तर' म्हणतात, तेही हजेरी घेतल्यासारखं!) उभी हयात ते विमानदुरुस्तीच्या वर्कशॉपात फोरमन होते. माणूस असा, की डोक्यावरच्या पंख्याचा स्क्रू पाव आटा ढिला दिसला तर भरल्या ताटावरून उठणार, स्टुलावर चढणार, तो पिळणार आणि मगच वरणभाताला हात लावणार. आणि मी पडलो भिवंडीतल्या शाळेतला चित्रकलेचा शिक्षक. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, तरी अशी काही नोकरी असते यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता.

"शाळेत दिवसभर करता काय?" दर दिवाळीत ते विचारायचे.

"मुलांना चित्रं काढायला शिकवतो, मामा."

"ते झालं हो. पण काम काय करता?"

यावर मी दरवर्षी चकली खायचो.

निवृत्त झाल्यावर मामांनी घरातच विमानं बनवायला घेतली. खेळण्यातली नव्हेत हं! चांगली इंजिन लावलेली, खरोखर उडणारी. विमानाला दोन बारीक तारा बांधायच्या, त्या तारांची मूठ हातात धरून मैदानाच्या मधोमध उभं राहायचं, की विमान आपल्याभोवती गोल घिरट्या घालतं. मूठ वर केली की वर, खाली केली की खाली. तीन विमानं झाली, तिन्ही उडाली. चौथं सगळ्यांत मोठं. चार फुटी पंख, हलक्या लाकडाचा सांगाडा, आणि त्यावर काचेच्या धाग्यांचं झिरझिरीत कापड रेझिनने चिकटवलेलं. फायबरग्लासचं विमान! प्रायमर आणि रंग तेवढा बाकी होता, आणि नेमकं तेव्हाच मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर धूळ नको आणि थिनरचा वासही नको.

महिनाभर थांबतील तर ते मामा कसले! एका बुधवारी काळा चष्मा लावून, विमान चादरीत गुंडाळून ते कल्याणहून रिक्षाने आमच्या दारात हजर. (कोन गाव ओलांडेपर्यंत रिक्षावाल्याने दोनदा विचारलं म्हणे, "काका, पेशंटला दवाखान्यात न्यायचंय की घरी?")

"मास्तर, हात पुढे करा," मामा म्हणाले. मी केले. त्यांनी विमान माझ्या हातांवर ठेवलं. सुपाएवढं हलकं!

"आधी वॉटर पेपरने घासायचं. पाणी लावून. कोरडं घासायचं नाही."

"हो."

"मग प्रायमरचे दोन हात. पातळ. ताकासारखे. बासुंदी करायची नाही."

"हो, मामा."

"मग रंगाचे दोन हात. तेही…"

"ताकासारखे," मी म्हणालो.

"विमान रंगाने उडत नसतं, हवेने उडतं. रंग म्हणजे नुसतं वजन." त्यांनी काळा चष्मा नीट केला आणि जरा थांबून म्हणाले, "रंग हा तुमचा धंदा, म्हणून तुमच्याकडे आणलंय. रविवारी येतो. काम नीट झालं असेल तर पहिलं उड्डाण तुमच्या हातून."

अकरा वर्षांत पहिल्यांदा! 'तुमचा धंदा' म्हणाले! मला खरंच भरून आलं. मी वसुधाकडे, म्हणजे बायकोकडे, पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भरून आल्याची खूण नव्हती, काळजीची होती. अकरा वर्षं तीही माझ्याबरोबर राहत होती ना.

इथे आमच्या घराबद्दल सांगायला हवं. आमची मागची भिंत आणि रशीदचाचांच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याची भिंत एकच. दिवसरात्र खटखट खटखट, खटखट खटखट. त्यामुळे आम्ही घरात ओरडूनच बोलतो. (पहिली तीन वर्षं मामा समजत होते की मी त्यांच्या मुलीला रोज रागावतो. नंतर त्यांनी तिचा आवाज ऐकला आणि माझी कीव करू लागले.) इतकी वर्षं त्या खटखटीत काढल्यावर मला डाव्या कानाने जरा कमीच ऐकू येतं. दुसरा त्रास रुईचा. लुमांमधून सुताची बारीक रुई सतत उडत असते. ती पापडावर बसते, लोणच्यात पडते, आणि सकाळी आरशात बघितलं तर मिशी एका रात्रीत पिकलेली दिसते.

तर गुरुवारी शाळेतून आल्या आल्या मी घासायला बसलो. बाहेर रुई, म्हणून मधल्या खोलीत बसलो. आणि पाणी लावायचं? लाकडाच्या वस्तूला? चित्रकलेचा माणूस मी, कागद ओला झाला की काय होतं ते मला माहीत! मामा मशिनीतले, त्यांना काय कळणार, असं म्हणून मी कोरडंच घासलं. खराखरा खराखरा. पांढरी पिठासारखी धूळ निघाली. घाम आला म्हणून पंखा पाचवर केला. तासाभरात विमान असं गुळगुळीत झालं की मी स्वतःचीच पाठ थोपटली. धूळ कुठे गेली, याचा विचार करायचं मला काही कारण नव्हतं.

ती कुठे गेली होती हे जेवणानंतर कळलं. दांडीवरच्या चादरींवर, घडी घातलेल्या लुगड्यांवर, टॉवेलांवर आणि आईच्या उशीवर. काचेची धूळ होती हो ती!

"विनू!" आई मधल्या खोलीतून ओरडली. "अरे, अंगाला मुंग्या चावतायत!"

"अहो, माझ्या मानेला बघा काय झालंय!" वसुधा स्वयंपाकघरातून ओरडली.

मी काहीच ओरडलो नाही, कारण मी दोन्ही हातांनी पाठ खाजवत होतो. मग आईने टॉवेलने अंग पुसलं आणि खाज वाढली. ती पुसायला दुसरा टॉवेल घेतला, तेव्हा तर बघायलाच नको! आई म्हणाली, "कोणीतरी खाजकुयली टाकलीय आपल्या घरात. कोणाचं काय वाकडं केलं रे आपण?" वसुधा माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, टाकणारा घरातलाच आहे."

शुक्रवार उजाडला तो खाजवतच. आईने निकाल दिला, "अंगाची खाज अकलोलीच्या गरम कुंडाशिवाय जायची नाही." लगेच सासू-सुना पिशवी भरून एसटीला निघाल्या. मी मात्र रजा काढून घरी राहिलो. माझं सगळं गणित शुक्रवारवर होतं. शुक्रवारी आमच्या गल्लीतले लूम बंद असतात! खटखट नाही म्हणजे रुई नाही. रंगकामाला असा मुहूर्त शोधून सापडायचा नाही.

उंबऱ्यावर वसुधा थांबली. "अहो, आज शुक्रवार. अंगणात काही मांडू नका हं. मी शुक्रवारी साधं धुणंसुद्धा…"

"वसुधा," मी म्हणालो, "धुण्यातलं तू मला शिकव. रंगातलं शिकवू नकोस."

"पण ऐका तरी…"

"सूनबाई, एसटी जाईल!" आई कोपर खाजवत ओरडली. वसुधा गेली. आणि आता हे कबूल करायला हवं की त्या गल्लीत जन्म काढून मला शुक्रवारची सकाळ ठाऊक नव्हती. शुक्रवारी मी शाळेत असायचो!

अंगणातल्या धुण्याच्या दोरीवर मी विमान शेपटीने टांगलं. ते माझ्या कपाळाच्या उंचीवर होतं. (ही उंची लक्षात ठेवा.) फवारायला आमच्याकडे ढेकणांच्या औषधाचा हातपंप होता. तो तीनदा धुतला आणि प्रायमर भरला. पहिले चार फवारे नुसते थुंकल्यासारखे आले. मग हात बसला आणि राखाडी रंगाचा असा काही सुरेख थर चढत गेला की काय सांगू! ताकापेक्षा किंचित दाट होता. कढीसारखा म्हणा. पण सलग, एक ओघळ नाही. मामांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मी खूश होऊन चहा टाकायला आत गेलो.

चहाला उकळी आली आणि बाहेर 'भुर्रर्र' असा आवाज सुरू झाला.

बाहेर येऊन बघतो, तर अंगणात पांढरा धुरळा! रशीदचाचांच्या कारखान्याच्या खिडक्या सताड उघड्या, आणि खुद्द चाचा तोंडाला रुमाल बांधून, हवा मारायचा नवाकोरा ब्लोअर घेऊन लूम साफ करतायत. शुक्रवारी लूम बंद कशासाठी, तर सफाईसाठी! आठवडाभर कोनाकोपऱ्यात साठलेली सगळी रुई दुपारच्या नमाजाच्या आत खिडकीबाहेर काढायची. आणि खिडकीबाहेर माझं अंगण!

"चाचा! बंद करा! चाचा, बंद करो!" मी दोन्ही हात हलवत ओरडलो.

चाळीस वर्षं लुमांमध्ये काढलेल्या माणसाला ब्लोअरपुढे काय ऐकू येणार? त्यांना वाटलं, मास्तर नव्या मशिनीचं कौतुक करतोय. त्यांनी हसून हात हलवला आणि मला नीट दिसावं म्हणून ब्लोअर खिडकीतून बाहेर काढून दाखवला. सुरूच! अगदी विमानाच्या तोंडावर!

ब्लोअर बंद झाला तेव्हा दोरीला एक मेंढी लटकत होती. चार फुटी पंखांची.

चाचा धावत आले. विमान बघून कानाच्या पाळ्या पकडल्या. "या अल्लाह! मास्टर, ये क्या चीज़ थी?"

"हवाई जहाज था, चाचा. ससुरजी का."

"ससुर का?" चाचांचा चेहरा उतरला. त्यांनाही सासरा होता. ते खाटेवर बसले, मी पायरीवर बसलो. चिमट्याने रुई उपटायला गेलो तर प्रायमरही निघून यायला लागला. रडकुंडीला आलो हो मी! रविवारी मामा येणार, मेंढी बघणार, आणि जन्मभर विचारणार, "ते झालं, पण काम काय करता?"

तेवढ्यात चाचांनी मांडीवर थाप मारली. "मास्टर, एक बात बताओ. धागे पे रुआँ खड़ा हो, तो हम क्या करते हैं?"

"काय करता?"

"कांजी मारते हैं! कांजी लगी कि रुआँ बैठा. धागा ऐसा चिकना, ऐसा चिकना, कि मक्खी फिसल जाए!"

मित्रहो, मी चित्रकलेत प्रथम श्रेणी मिळवलेला माणूस. पण मला त्या क्षणी ते शंभर टक्के पटलं! सगळ्या भिवंडीचं सूत ज्या खळीने बसतं, तिने एक विमान बसणार नाही? फक्त कांजीऐवजी प्रायमर. आणि कांजी म्हटल्यावर ताकासारखी पातळ कशी चालेल? मी डब्यातला प्रायमर थिनर न घालता तसाच ढवळला (आता बासुंदी झाली होती, कशाला खोटं बोलू) आणि चाचांनी पंख धरला, मी चार इंची ब्रशने थापला. आणि काय आश्चर्य! रुई बसली! वाळल्यावर एखादं रोम उभं दिसलं की चाचा म्हणायचे, "इधर एक और हाथ." असे तीन हात झाले. मग पाणी लावून घासलं. (आता धडा शिकलो होतो.) काचेसारखं विमान!

संध्याकाळी अकलोलीहून बायका परतल्या. आईची खाज गेली होती.

"अगंबाई, चकचकीत झालंय की!" आई म्हणाली.

वसुधा मात्र दोरीकडे बघत होती. "अहो, हे सकाळी कपाळाशी होतं ना? आता तुमच्या छातीशी का आलंय?"

"दोरी सैल झाली असेल."

शनिवारी पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. त्या दिवशी लूम चालू होते, त्यामुळे थोडी रुई बसली. पण आता मला उपाय माहीत होता! पुन्हा कांजी. मग पंखांवर लाल पट्टे आणि शेपटीवर सासऱ्यांच्या नावाची आद्याक्षरं, तीही वळणदार. रात्री झोपताना विमान माझ्या गुडघ्यापर्यंत आलं होतं आणि दोरीचा खांब नमस्कार केल्यासारखा वाकला होता.  वसुधाने धुणं गच्चीवर वाळत घातलं.

रविवारी सकाळी मामा आले. मी विमान खाटेवर पांढऱ्या चादरीवर ठेवलं होतं. त्यांनी काळा चष्मा काढला आणि नाक टेकेल इतकं वाकून पाहिलं. बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. पंख्याचा ढिला स्क्रू ज्यांना दहा फुटांवरून दिसतो, ते मामा एकही खोट काढू शकत नव्हते!

"जावईबापू," ते म्हणाले. जावईबापू! "मानलं तुम्हाला. असा हात आमच्या वर्कशॉपातसुद्धा कोणाचा नव्हता."

माझी छाती फुगली. आईने डोळ्याला पदर लावला. खिडकीतून चाचा म्हणाले, "माशाल्लाह!" आणि मामांनी एका हाताने विमान उचलायला घेतलं.

ते उचललं गेलं नाही.

मामांनी दुसरा हात लावला. उचललं. पुन्हा खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं.

"यात काय भरलंय?"

"भरलं काही नाही, मामा. वरून लावलंय."

"काय लावलंय?"

"प्रायमर." मग माझा आवाज बारीक झाला. "आणि थोडी रुई. ती बसवायला चाचांनी कांजीची युक्ती सांगितली."

मामांनी चादरीचं टोक हातात घेतलं.  वाटलं, आता चादर गुंडाळून निघतील. पण मामा शब्दाचे पक्के. "पहिलं उड्डाण तुमच्या हातून असं बोललो होतो," ते म्हणाले. "इंजिन ताकदीचं आहे. चला."

अंजूरला बाळारामच्या शेतात जायचं ठरलं होतं. बाळारामचा मुलगा माझ्या वर्गात होता. भातकापणी होऊन गेलेली, आणि बांधालगतची मोकळी जागा होती तिथे गुडघ्याएवढं वाळलेलं गवत. मधोमध मी तारांची मूठ घेऊन उभा राहिलो. मामांनी पंखा फिरवला, इंजिन सुरू झालं आणि विमान निघालं. निघालं ते जोरात निघालं! माझ्याभोवती एक फेरी झाली, दोन झाल्या, तीन.

"मूठ वर!" मामा ओरडले.

"वरच आहे!"

"अजून वर!"

मी चवड्यांवर उभा राहिलो, हात आभाळाला लावला. विमान जमिनीवरून गरागरा धावत होतं. बोटभरसुद्धा उचललं जात नव्हतं. समोरचा पंखा मात्र झपाझप गवत कापत होता! मामांनी तेलाची टाकी चांगली काठोकाठ भरली होती. दहा फेऱ्या झाल्या. वीस झाल्या. मला भोवळ यायला लागली. मी आधी वाकलो, मग गुडघ्यांवर आलो, शेवटी खालीच बसलो, पण मूठ डोक्यावर धरून ठेवली. पहिलं उड्डाण होतं ना माझं!

धाडकन एका दगडावर आपटून विमान थांबलं. आम्ही धावलो. (मी तिरका धावलो आणि बाळारामच्या अंगावर गेलो.) पंख्याचं एक पातं तुटलं होतं. बाकी विमानाला टवका नाही! साधा ओरखडा नाही! दगडाला मात्र चीर गेली होती. आणि बांधालगत, कर्कटकाने आखावं तसं, एक वाटोळं रान साफ झालं होतं.

बाळारामने कमरेवर हात ठेवून ते वाटोळं पाहिलं. विमान पाहिलं. मला पाहिलं.

"मास्तर," तो म्हणाला, "लय बेस इंजान हाय. यो उडाचा न्हाय ना?"

"न्हाय," मी म्हणालो.

"मंग तेवरा वरचा कोपरा पन घ्या की."

मामांच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं, रडतायत. ऑपरेशनच्या डोळ्याला ते चांगलं नव्हे, म्हणून मी घाबरून त्यांच्याजवळ गेलो. तर मामा हसत होते! अकरा वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. बांधावर बसून, पोट धरून, काळा चष्मा हातात घेऊन ते हसत होते, आणि मध्येच "कांजी! विमानाला कांजी!" म्हणून पुन्हा सुरू होत होते. चौथ्या विमानाचा जीव घेतला होता मी, आणि हा माणूस हसत होता! मला इतकं बरं वाटलं की मीही त्यांच्या शेजारी बसलो आणि हसलो. थोडं खाजवलंसुद्धा.

ते विमान आजही आमच्या माळ्यावर आहे. आई आधी त्याने लोणच्याची बरणी दाबून ठेवायची. रंग अजून उडालेला नाही. (विमानही नाही.)

मामा आता लग्नकार्यात भेटतात तेव्हा माझी ओळख स्वतःहून करून देतात. खांद्यावर हात ठेवतात आणि चारचौघांत मोठ्याने सांगतात, "आमच्या घरात विमानाला हात लावणारे दोनच जण. एक मी आणि एक हे आमचे जावई. मी हात लावलेलं विमान आकाशात जायचं. यांनी हात लावलेलं शेतीला लागलं!"

मांडव हसतो. वसुधा सगळ्यांत जास्त हसते. मला मात्र काही वाटत नाही. 'आमच्या घरात दोनच जण' इथपर्यंत मला अगदी स्वच्छ ऐकू येतं. त्यापुढे मी मामांकडे डावा कान करतो.